मी चोळलेले दोन पाय

मी सांगते आणि माझी पोरगी ज्योती लिहिते. मला लिहिता येतं, सातवी झालेली आहे, पण अक्षर असं की दुसऱ्या दिवशी माझं मलाच लागत न्हाई. ज्योती नवीन जालन्यात बियाण्याच्या कंपनीत आहे. ओल्या कागदावर बी घालायचं, किती उगवलं आणि किती न्हाई ते बघून लिहायचं, असं तिचं काम. तिला म्हणलं, मी बोलते तसंच उतरव, सुधारत बसू नको. ती म्हणली, "आई, 'न्हाई'चं 'नाही' तरी करू का?" मी म्हणलं, न्हाई.

दवाखान्यातून सोडताना डॉक्टर म्हणले होते, "मावशी, तुम्ही इतक्या घरांत जाता. तुमचं बाया ऐकतील. जे झालं ते सांगा लोकांना." मी मान हलवली. मंग घरी आले आणि तीन महिने कोणालाच धड काही सांगितलं न्हाई. जे सांगितलं ते अर्धं. त्या अर्ध्यावर लोकांनी माझं एवढं कौतुक केलं की मला भाकरीचा घास गिळवेना. म्हणून ही वही.

हात

मी परतूरची शेवंता. बाळंतिणीची आणि लेकराची मालिश करते. करत होते म्हणा. सव्वीस वर्षं केली. सकाळी सहाला पहिलं घर, अकरापर्यंत चार घरं. पाटावर पाय लांब करून बसायचं, लेकराला पायावर घ्यायचं, तेल जिरवायचं, ऊन पाण्यानं न्हाऊ घालायचं, धुरी द्यायची, गुंडाळून निजवायचं. मंग त्याच्या आईला धरायचं, डोक्यापासून टाचेपर्यंत. माझ्या पायावर रडलेली लेकरं आज मोटारसायकली उडवीत फिरतात आणि मला बघून रस्ता बदलतात, कारण मी चारचौघांत त्यांच्या उघड्या अंगाच्या गोष्टी काढते.

लोक म्हणायचे, शेवंतामावशीच्या हाताला गुण आहे. मला बी तसंच वाटायचं. डॉक्टरच्या चिठ्ठीपेक्षा माझा शब्द चालायचा. आणि माझ्याजवळ शब्द तरी किती? तीन. "हवा धरली." "नस चढली." "अंग मोकळं झालं न्हाई." कुठंबी दुखलं की ह्या तिन्हीतला एक काढायचा आणि तेल गरम करायचं. सव्वीस वर्षांत एका माणसानं विचारलं न्हाई की मावशी, हवा म्हणजे काय, आणि ती कुठून शिरती.

ह्या कामात एक अडचण अशी की ज्या घरात बाळंतीण आहे तिथं पाळीतली बाई चालत न्हाई. लेकराला बाधतं म्हणतात. म्हणजे महिन्यातले चार दिवस मी घरी. तेवढ्या चार दिवसांत मंगल जायची. मंगल म्हणजे गावात मालिश करणारी दुसरी. माझ्यापेक्षा तरुण, बोलायला गोड, हात बी चांगला. एकदा घर मंगलकडं गेलं की परत येत न्हाई हे मला पाठ झालं होतं.

मंग मी गोळ्या सुरू केल्या. सणासुदीला, महालक्ष्म्यांच्या वेळी बाया पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या घेतात ना, त्याच. मेडिकलवर मागितल्या की मिळतात. पहिल्यांदा एका चांगल्या घरासाठी घेतल्या. मंग दुसऱ्या. दोन वर्षं असंच चाललं. लोकांना सांगून टाकलं, "माझं आता गेलं, सुटले बाई एकदाची." ज्योतीच्या पप्पांना बी तेच सांगितलं.

आणि ज्योतीला? तिला चार दिवस देव्हाऱ्यापाशी फिरकू दिलं न्हाई, लोणच्याच्या बरणीला हात लावू दिला न्हाई. हे लिहिताना ज्योतीनं माझ्याकडं बघितलं. बघ, तुझा हक्कच आहे.

डावा पाय

सुमनताईंची लेक पल्लवी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आल्ती. तिला मंठ्याला दिलेली. पोट फाडून मुलगी झाली. लेकराला मी पहिल्यापासून बघत होते, पल्लवीच्या अंगाला टाके वाळल्यावर हात लावला. गुणाची पोर, कधी हूं का चूं करायची न्हाई.

एक दिवस ती म्हणली, "मावशी, डावा पाय जड पडलाय. पोटरीत ओढ लागती."

बघितलं तर उजव्यापेक्षा डावा भरलेला. मी म्हणलं, "हवा धरली. बाळंतपणात धरतीच. पाणी कमी पी आणि मला चोळू दे."

"दुखतंय हो, मावशी."

"दुखलं म्हणजे लागू पडलं."

सुमनताई शेजारीच लेकराच्या दुपट्यांच्या घड्या घालीत होत्या. त्यांनी बी मान डोलावली. मावशी म्हणती म्हणजे बराबरच असणार.

त्याच आठवड्यात माझी बी डावी पोटरी धरली. आधी वाटलं, पाय लांब करून करून आखडली असंल. मंग मांडी जड झाली, संध्याकाळी पाय सुजायला लागला. घरी आल्यावर मी माझाच पाय पुढं घेऊन तेलानं रगडायची, वरून विटकर तापवून फडक्यात गुंडाळून शेकायची. पाच दिवस. पल्लवीला सांगितलं तर ती हसली. "मावशी, तुमचाबी डावाच?" मी म्हणलं, "तुझी हवा मला लागली." दोघी हसलो.

सोमवारी सकाळी उठले आणि पाय टेकवेना. जांघेपासून बोटांपर्यंत एकसारखा फुगलेला, कातडी ताणून चकचकीत, रंग निळसर. ज्योतीचे पप्पा म्हणले, "अगं, हे काही साधं न्हाई. ऑटो आणतो."

ऑटो येईपर्यंत मी काय केलं? मंगलला फोन लावला. घर हातचं जाणार हे दिसत होतं, तरी लेकरू बिनन्हाणाचं राहू नये म्हणून लावला, एवढं माझं चांगलं. म्हणलं, "आज पल्लवीकडं तू जा. डाव्या पायाला हवा धरली तिच्या. दाबून चोळ."

टेबलावर

परतूरच्या डॉक्टरांनी पायाला हात बी लावला न्हाई, नुसता बघितला आणि म्हणले, जालन्याला न्या, जल्दी. ज्योती तिथंच होती, ती दवाखान्याच्या दारात येऊन थांबली.

सोनोग्राफीच्या मॅडमनी जांघेत मशीन दाबलं. परत दाबलं. जरा खाली घेऊन दाबलं. मंग आपणहून सांगितलं, "मावशी, शीर दाबली की चपटी व्हायला पाहिजे. तुमची होत नाहीये. आत रक्त गोठलंय." ती गुठळी गुडघ्याच्या वरून निघून पार पोटात गेल्ती.

मंग मोठ्या डॉक्टरांसमोर बसवलं. त्यांनी पहिलंच विचारलं, "पाय कोणी चोळला का?"

"मी."

"किती दिवस?"

"पाच."

त्यांनी पेन खाली ठेवला. "काम काय करता?"

मी म्हणलं, "घरकाम."

देवाशपथ, असंच म्हणलं. सव्वीस वर्षांचं काम मी एका शब्दात नाकारलं. ज्योती मागून म्हणली, "मालिश करते ती. बाळंतिणींची."

"गोळ्या कोणत्या चालू आहेत?"

"कोणत्याच न्हाई."

त्याच वेळेला ज्योती फॉर्मसाठी माझं आधार कार्ड शोधून राह्यली होती. पिशवीतून कार्ड निघालं आणि त्याच्या मागून दोन पाकिटं निघाली, एक रिकामं, एक अर्धं. तिनं ती टेबलावर ठेवली. ज्योतीचे पप्पा पाकिटाकडं बघत राहिले. त्यांना वाचून कळलं न्हाई, पण माझं तोंड बघून कळलं असणार.

डॉक्टरांनी रागावून घेतलं असतं तर बरं वाटलं असतं. ते नरमाईनं म्हणले, "नुसत्या ह्या गोळ्यांमुळेच झालं असं नाही म्हणता येणार. वय आहे, तासन्‌तास एकाच जागी बसणं आहे. पण ह्या गोळ्या विचारल्याशिवाय घ्यायच्या नसतात. आणि असा सुजलेला पाय कधीच चोळायचा नसतो, मावशी. गुठळीचा तुकडा सुटला तर सरळ फुप्फुसात जातो. माणूस बोलता बोलता जाऊ शकतो." छातीचा सीटी स्कॅन काढला, त्यात एक बारीक तुकडा खरंच गेलेला निघाला. चालताना दम लागत होता, त्याला मी वयाचं कारण दिलं होतं.

बाहेर बाकड्यावर ज्योती म्हणली, "मला चार दिवस बाजूला बसवलंस. अन्‌ तू गोळ्या खाऊन लोकांची लेकरं न्हाऊ घालत होतीस."

मी म्हणलं, "कोणी फोन केला तर सांग, न्हाणीत घसरून पडले, पाय मोडला."

"आई!"

"सांग म्हणलं ना."

पप्पा एकच वाक्य बोलले. "मला बी न्हाई सांगितलंस?" आणि खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. पाठमोऱ्या माणसाची समजूत कशी काढायची ते मला अजून कळलेलं न्हाई.

बारीक नळी

ज्यांना हे करायचं आहे त्यांनी घाबरू नये म्हणून सांगते. पोट फाडत न्हाईत, मांडी चिरत न्हाईत. मला पालथं निजवलं. गुडघ्याच्या लवणीत एक सुई, तेवढीच जागा बधिर केली. तिथून शिरेत शेवईसारखी बारीक नळी घातली आणि पडद्यावर बघत बघत वर सरकवली, गुठळीच्या पार पोटात. दुखलं न्हाई. नुसतं कळायचं की कोणीतरी आत काहीतरी सरकवून राह्यलं आहे. मला सारखं वाटायचं, सव्वीस वर्षं मी कातडीवरून नस शोधत होते, आणि हा माणूस आत जाऊन बघतोय.

ती नळी तशीच ठेवतात. तिच्यातून गुठळी विरघळायचं औषध थेंबथेंब सोडतात, रात्रभर आणि दुसरा दिवस. तेवढा वेळ अतिदक्षता विभागात पडून राहायचं आणि पाय वाकवायचा न्हाई. खाज सुटली तरी न्हाई. सिस्टर मधूनमधून येऊन हिरड्या बघायची, लघवीचा रंग बघायची, कुठून रक्त येतंय का म्हणून. रक्त काढून तपासायला न्यायची. माझी वेणी विस्कटली होती, ती तिनं न सांगता सोडून नीट घातली. सव्वीस वर्षांत मी किती बायांच्या वेण्या घातल्या असतील. माझी कोणी घातली न्हाई. तोंड उशीत घालून रडले. सिस्टरला वाटलं पाय दुखतोय, तिनं डॉक्टरला बोलावलं. मंग आणखी लाजले.

भेटायला सकाळी अकरा आणि संध्याकाळी पाच, पाच-पाच मिनिटं. सोमवारी पाचला ज्योती आली, डोळे सुजलेले. पप्पा बाहेरच थांबले.

फोन

मंगळवारी सकाळी दहाच्या पुढं सिस्टर बोलता बोलता म्हणली, "मावशी, हे बाळंतिणींना पण फार होतं बरं का. महिना-दीड महिन्याच्या आतल्या. पाय सुजला की लोक म्हणतात वारं लागलं, आणि चोळत बसतात."

तेव्हा मला पल्लवी आठवली. मी सिस्टरला म्हणलं, "माझ्या पोरीला बोलवा. आत्ताच्या आत्ता."

अकराला ज्योतीनं सुमनताईंना फोन लावून माझ्या कानाशी धरला.

"सुमनताई, पल्लवीचा पाय चोळू देऊ नका."

"आता काय, मंगल चोळून गेली की. चांगला हात आहे तिचा."

"तिला दवाखान्यात न्या. तिच्या पायात गुठळी असंल."

सुमनताई म्हणल्या, "मावशी, तुम्हीच म्हणल्या होत्या हवा धरली. आता मंगल यायला लागली तर लगेच गुठळी झाली का?"

त्यांचं तरी काय चुकलं? मंगल आणि मी, आम्ही दोघी कैक वर्षं एकमेकींची घरं ओढीत होतो हे अख्ख्या परतूरला माहीत. माझ्या तोंडून मंगलच्या कामाबद्दल चांगला शब्द कधी कोणी ऐकला न्हाई.

मी म्हणलं, "मला हवाबिवा काही कळत न्हाई, ताई. मी अंदाजानं बोलले. माझ्याच पायात गुठळी निघाली. नळी घातली आहे. डॉक्टर म्हणले, चोळल्यानं मेली असतीस."

"तुम्ही तर न्हाणीत पडल्या म्हणे. ज्योतीच म्हणली काल."

"ते खोटं सांगायला मीच लावलं." शेजारच्या पलंगावरचे म्हातारबाबा ऐकत होते, सिस्टर ऐकत होती, ज्योती फोन धरून उभी. "मी पाळीच्या गोळ्या खात होते. तुमच्या घरी येता यावं म्हणून. माझी पाळी गेलेली न्हाई. दोन वर्षं खोटं बोलले."

त्यांनी फोन ठेवून दिला.

ज्योतीनं परत लावला. उचलला न्हाई. पाच मिनिटं संपली, सिस्टरनं तिला बाहेर काढलं.

व्हरांडा

दुपारी मला परत टेबलावर घेतलं. औषधानं बरीच गुठळी विरघळली होती, उरलेली दुसऱ्या नळीनं ओढून काढली. डॉक्टरांनी गॉजवर ठेवून दाखवली, शेंगदाण्याएवढ्या काळ्या-लाल गाठी, पाच-सहा. म्हणले, "हे बघा, ह्याला तुम्ही तेल लावत होता." हसतच म्हणले. मला हसू आलं न्हाई, कारण मला त्या गाठी पल्लवीच्या पायात दिसत होत्या.

स्ट्रेचरवरून परत नेताना व्हरांड्यात लेकरू रडायचा आवाज आला. मी मान वळवायच्या आधी ओळखला. ज्या लेकराला अठरा दिवस पायावर घेतलं त्याचं रडणं मला कळणार न्हाई का? भुकेचं रडणं होतं. सुमनताई खांद्यावर घेऊन फेऱ्या मारत होत्या.

झालं असं की मी फोन केल्यावर तासाभरात पल्लवीला एकदम धाप लागली. छातीत कळ आली, ओठ निळे पडले. सुमनताईंना माझा फोन आठवला. परतूरच्या डॉक्टरांना त्यांनी पहिल्यांदा तेच सांगितलं, हिच्या पायात गुठळी असंल म्हणतात. त्यामुळं डॉक्टरांचा वेळ गेला न्हाई, लगेच ऑक्सिजन लावून इकडं पाठवली. तिचं पोट ताजं फाडलेलं, म्हणून विरघळायचं औषध देता येईना. नळी घालून नुसती ओढून काढायची असं ठरलं. पोर आत होती आणि आजी बाहेर.

सुमनताई माझ्या स्ट्रेचरजवळ आल्या. मला वाटलं तोंडात मारतात. मारायला पाहिजे होतं. त्यांनी एका हातानं लेकरू सावरलं आणि दुसरा हात आपल्या कपाळाला लावून मला नमस्कार केला. "मावशी, तुमचा फोन आला म्हणून. न्हाईतर मी तिला ओवा देऊन निजवली असती."

माझे हात आपोआप लेकरासाठी वर आले. मी ते चादरीखाली घेतले आणि डोळे मिटले. वॉर्डबॉय म्हणला, पेशंटला गुंगी आली, चला.

घरी

पल्लवी वाचली. चार दिवस आत होती, लेकराला वरचं दूध पाजावं लागलं, पण वाचली. माझ्या पायाची सूज आठवड्यात अर्ध्यावर आली. आता रक्त पातळ व्हायची गोळी रोज वेळेवर घेते, पायात घट्ट मोजा घालते, नखं कापताना बी जपते. पप्पा पंधरा दिवस कामापुरतं बोलले. मंग एक दिवस मोजा चढवता येईना म्हणून मी चिडले, तर खाली बसून त्यांनी स्वतः चढवला. टाच सरळ करता करता म्हणले, "पुढच्या बारीला काहीबी असलं तरी मला सांगायचं." बस, एवढंच. मोजा त्यांनी उलटा चढवला होता, मी तसाच दिवसभर घातला.

ज्यांच्या घरी बाळंतीण आहे त्यांनी एवढं ऐका. एकच पाय सुजला, पोटरी दगडासारखी झाली, गरम लागली, रंग बदलला, तर तेल लावू नका, शेकू नका, दाबू नका. त्याच दिवशी दवाखान्यात न्या. धाप लागली तर ऑटोची सुद्धा वाट बघू नका, समोर जी गाडी दिसंल ती थांबवा. बाळंतिणीला पाणी कमी द्या हे मी घरोघर सांगितलं, ते बिलकुल चुकीचं होतं. पाळीच्या गोळ्या डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊ नका. आणि पाळी आली म्हणून जी बाई घरी बसती तिला पाचव्या दिवशी परत बोलवा.

गावात आता म्हणतात, मंगलच्या हातानं पोर गेली असती, शेवंतामावशीनं दवाखान्यात पडल्या पडल्या वाचवली. मंगलला पाच घरांनी बंद केलं. ती सांगती की मला मावशीच म्हणल्या होत्या दाबून चोळ, तर बाया म्हणतात, बघा, आता आजारी बाईवर ढकलती. त्यातल्या दोघी बायांनी मला तोंडावर विचारलं, "खरं का हो, मावशी?" मी पायाचा मोजा नीट करत बसले. त्यांना वाटलं, मावशी मोठ्या मनाची आहे, कोणाचं वाईट बोलत न्हाई.

मंगल स्वतः आल्ती एकदा. भांडली न्हाई. दारातच उभी राहून म्हणली, "मावशी, मला आता कोणाचा पाय धरायचं भ्याव वाटतं," आणि गेली.

एक पान

इथपर्यंत लिहून झालं तेव्हा ज्योती म्हणली, "झालं ना आई?" म्हणलं, न्हाई. मागचं एक पान खोटं आहे.

पल्लवी मला मंगळवारी सकाळी आठवली असं मी लिहायला लावलं. ती सोमवारीच आठवली. सोमवारी दुपारी डॉक्टरांनी विचारलं ना, पाय कोणी चोळला, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढं माझा पाय आलाच न्हाई. तिचा आला. मी "मी" म्हणलं ते दोन्ही पायांचं म्हणलं. आणि संध्याकाळी पाचला ज्योती भेटायला आली, तिनं आपणहून विचारलं, "आई, कोणाला फोन करायचा का?" मी म्हणलं, "न्हाई गं, कोणाला करायचा?"

मला माहीत होतं मंगळवारी सकाळी मंगल जाणार. माझ्याच सांगण्यावरून दाबून चोळणार. मी हिशोब घातला. आता बोललं तर सव्वीस वर्षांचा हात गेला, गोळ्या निघाल्या, खोटं निघालं. न बोललं तर कदाचित नुसती हवाच असंल, आपोआप उतरंल. आणि आणखी एक विचार आला. तो बी सांगते. काही झालंच, तर शेवटचा हात मंगलचा असंल.

तो विचार मी केला. पाच मिनिटांच्या भेटीतसुद्धा पूर्ण व्हायला त्याला वेळ मिळाला.

मंगळवारी सिस्टर तसं बोलली हे खरं आहे. तिचं बोलणं ऐकून आठवण झाली न्हाई, फक्त गप्प राहायची सोय संपली. तोवर मंगल चोळून गेल्ती. पुढं पल्लवीच्या डॉक्टरांनी सुमनताईंना सांगितलं, आदल्या दिवशी आणली असती तर पायावरच भागलं असतं, छातीपर्यंत गेलं नसतं. सुमनताईंनी ते मला येऊन सांगितलं आणि वर म्हणल्या, "तुम्हाला तरी आदल्या दिवशी कुठं माहीत होतं, मावशी." मी म्हणलं, "हो ना."

ज्योतीचा पेन थांबला आहे.

"लिही," म्हणलं.

"आई, हे राहू दे. कोणालाच माहीत न्हाई हे."

"म्हणूनच लिही."

तिनं लिहिलं. पाण्याचा थेंब पडून एक ओळ पसरली, ती तिनं परत वर लिहिली.

उद्या सकाळी नऊला मी सुमनताईंच्या घरी जाणार. त्या घरी जायची माझी वेळ तीच होती. मंगलला बी तिथंच बोलावलं आहे. कशाला ते सांगितलं न्हाई, पण येते म्हणली. पल्लवी सासरी जायच्या आधी तिच्यासमोरच व्हायला पाहिजे. ज्योती म्हणती मी येते संगं, मी वाचून दाखवते, तुझ्यानं व्हायचं न्हाई.

म्हणलं, तू घरीच थांब. अक्षर तुझं आहे, मला लागतं. मीच वाचीन.